शंभरावं भोक

१

कागदावर शंभर भोकं होती. मी नव्व्याण्णव पाडली होती.

ताईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "बरं झालं, एक फुकट मिळालं." म्हणून सांगितलं नाही. शिवाय ताई मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणते, आणि ते नाव मी कष्टाने कमावलेलं आहे. कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं पडतं. पण मोजण्यात मी चुकत नाही. घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते मी. काना राहिला, मात्रा सुटली, पानाचा आकडा उडाला, हे पकडण्यावरच माझं पोट आहे. नऊ आडवी, अकरा उभी. नव्व्याण्णव.

भोकं कशाची, ते सांगते. बाइंडरकाकांच्या दुकानात एक जुनं चित्रांचं पुस्तक दुरुस्तीला आलं होतं. त्यात मी ती पानं पहिल्यांदा पाहिली, आयर्लंडकडच्या केल्टिक पोथ्यांची. मठांत बसून लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी हाताने लिहिलेली, एकेका अक्षराभोवती अख्खं पान गुंफलेलं. एकच पट्टी असते. ती एकदा स्वतःच्या वरून जाते, एकदा खालून, पुन्हा वरून, पुन्हा खालून, आणि पानभर भटकून शेवटी आपल्याच शेपटीला येऊन मिळते. मी ते पान बघत इतका वेळ उभी राहिले की काका म्हणाले, "बस की खाली, पाय मोडतील." मग शिकवायलाही तयार झाले. तेही अशा पुस्तकांची शिवण उसवता उसवताच शिकलेले.

त्यांची पद्धत अशी. हातकागदाचे आठ ताव एकावर एक ठेवून चिमट्याने घट्ट धरायचे. वरच्या तावावर ठिपके आखायचे. मग प्रत्येक ठिपक्यावर दाभण उभी धरून लाकडी हातोडीचा हलका ठोका द्यायचा. टप. आठही कागदांवर एकाच जागी भोक. त्या भोकांच्या आधाराने पट्टी वळवायची. रोज एक कागद. सात हात बसायला, आठवा खरा.

आठवा ताईसाठी होता. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिची बदली झाली होती, तीन तासांवरच्या शहरात, आणि नवव्या दिवशी सकाळी ती जाणार होती. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. एकटी मी कधी राहिलेली नाही. तिच्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं, भोवती गुंफण करायची आणि ते पान तिच्या बॅगेत ठेवायचं, निरोपाची भेट म्हणून. निदान सगळ्यांना मी तसं सांगत होते.

तर, शंभरावं भोक. चौकटीच्या बाहेर, खाली उजव्या कोपऱ्यात. दाभण वरून खाली जाते, त्यामुळे कागदाच्या पाठीवर प्रत्येक भोकाभोवती बारीकशी कड उठते. बोटाला जाणवते, पुरळ आल्यासारखी. या भोकाची कड वरच्या बाजूला उठली होती.

म्हणजे ते खालून पाडलेलं होतं. पण खालून पाडायचं तर उरलेल्या सात कागदांतून यायला हवं. मी दुसरा कागद उचलून पाहिला. त्यावर नव्व्याण्णव होती.

हातकागद आहे, मी स्वतःला म्हटलं. एखादी काडी राहिली असेल लगद्यात, ती निसटली. झालं.

२

तिसऱ्या दिवशी टोक उरलं.

पट्टी वळवता वळवता कोपऱ्यात ती एकदम संपली, जिना चढताना शेवटची पायरी नसावी तशी. मी कागद घेऊन दुकानात गेले. दुकान म्हणजे छापखान्याच्या मागची लांबट खोली. एका बाजूला दाब द्यायचं लोखंडी यंत्र, दुसऱ्या बाजूला सुटी झालेली पुस्तकं, आणि सगळीकडे खळीचा आंबट वास.

"काका, टोक उरलंय."

"एक?"

"एकच."

"एक कसं असेल? पट्टीला टोकं दोन असतात. एक सापडलं म्हणजे दुसरं आहेच कुठेतरी. शोध."

"शोधलं. नाहीये."

"मग तुला मोजता येत नाही."

"मोजण्यावर तर जगतेय मी."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला आणि नखाने पट्टीचा माग काढायला लागले. वरून, खालून, वरून. तीनदा मध्येच हरवले. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाले, "मोतीबिंदू आहे पोरी. उद्या कापायचाय. नाहीतर काढून दाखवलं असतं." मग जरा थांबून, "त्या लोकांची एक युक्ती असायची. टोक उरलं की त्याला तोंड काढायचं. कुत्रा काढ, पक्षी काढ, तुझ्या ताईचा साहेब काढ. पण तोंड काढलंस तर त्याच्या दातात त्याचंच अंग द्यायचं. रिकामं तोंड ठेवायचं नाही."

"का?"

"का काय? वाईट दिसतं. बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते."

त्या दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर मी त्या टोकाला तोंड काढलं. लांबट, निमुळतं, मागे वळलेला कान, बदामासारखा डोळा. वरचा जबडा झाला, खालचा झाला. आता दातांत त्याची मान द्यायची म्हणून टाक बुडवला आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली. ताई लवकर आली होती. मी एवढी दचकले की शाईचा थेंब माझ्या मनगटावर पडला.

"कोण मेलं?" ताई चपला काढत म्हणाली. "मीच आहे गं."

तोंड तसंच राहिलं, उघडं. उद्या भरू, असं म्हटलं.

चौथ्या दिवशी मी अक्षर काढायला घेतलं. आपल्या अक्षराला त्या नक्षीत बसवणं सोपं नाही. त्यांच्या अक्षरांना पोट असतं, आपल्याला दांडा. दांड्याचा पाय त्या गुंफणीत बरोबर मधोमध उतरला. मग त्या पोथ्यांत असतात तसे अक्षराच्या कडेने लाल ठिपके दिले, अगदी जवळजवळ, सारख्या अंतराने. पायाशी हात चांगला बसला होता. पायाशी मी दोनदा ठिपके दिले.

३

"डास झालेत घरात," ताई म्हणाली.

पाचव्या दिवसाची संध्याकाळ. बॅग अर्धी भरून जमिनीवर पडली होती. ताई पाय वर घेऊन सोफ्यावर बसली होती आणि उजवा घोटा चोळत होती.

"बघ कसे चावलेत. रांगेत. शिस्तीचे डास आहेत आपल्याकडे."

घोट्याभोवती लाल ठिपके होते. पूर्ण वेढा. दोन रांगा.

"खाजतंय?"

"तेच तर. खाजत नाही, दुखत नाही. आतून कुणी ओढल्यासारखं वाटतं नुसतं."

"लॅबमध्ये सुई लागली असेल."

"घोट्याला? मी लोकांना टोचते बाई, लोक मला टोचत नाहीत. आणि टोचलंच तर दंडाला टोचतील, तेवढी माणुसकी आहे लोकांत."

मी आत जाऊन कंपास आणला. ठिपक्यांचं अंतर घेण्यासाठी मी तो कालच लावून ठेवला होता, मधला स्क्रू आवळून.

"हे काय आता?"

"हलू नकोस."

"डॉक्टर झालीस का?"

एक टोक एका ठिपक्यावर, दुसरं पुढच्यावर. बरोबर. पुढचे दोन. बरोबर. सगळ्या वेढ्यावर बरोबर. मी कंपास बाजूला ठेवला. बोलून काय बोलणार? मी कागदावर ठिपके दिले म्हणून तुझ्या पायावर आले? चांगल्या शिकलेल्या मुलीने असं वाक्य तोंडातून काढायचं नसतं. त्वचेवर पुरळ उठतं, ते सारख्या अंतराने उठू शकतं. नागीण नाही का पट्ट्यात उठत.

"नाडीची आठवण झाली मला," ताई म्हणाली. "तशीच जागा आहे बघ."

लहानपणी आमच्या खाटा खोलीच्या दोन भिंतींना होत्या. दिवा मालवला की मला भीती वाटायची. मग ताईने युक्ती काढली. परकराची लांब नाडी घेऊन एक टोक स्वतःच्या घोट्याला बांधायची, दुसरं माझ्या मुठीत. भीती वाटली की मी ओढायचं. ती पायाने एकदा ओढायची. एकदा म्हणजे, मी आहे, झोप.

"एकदा तू अशी ओढलीस की मी धाडकन खाली पडले," ताई म्हणाली.

"तुझा घोटा सोलपटला होता."

"रक्त माझ्या पायातून, आणि रडत होतीस तू. आई तुलाच जवळ घेऊन बसली." ती हसली. मग पाय खाली ठेवताना जरा थबकली आणि टेकवत टेकवत ठेवला.

मी भांडी घासायला उठले. नळ चालू होता, तरी मला ऐकू आलं. बाहेरच्या खोलीतून. टप.

"ताई, काही पडलं का?"

"नाही गं. का?"

४

मी सगळे कागद पुन्हा मोजले. दुसऱ्यावर आता एकशे एक होती. तिसऱ्यावर एकशे दोन. असं एकेक वाढत सातव्यापर्यंत. सहावा आणि सातवा मी अजून चिमट्यातून काढलेही नव्हते. जास्तीची भोकं कोपऱ्यापासून निघून आत वळत होती, एकेक पाऊल टाकल्यासारखी, दांड्याच्या पायाकडे. सगळ्यांची कड वरच्या बाजूला.

आठवा मी पाहिला नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

सहाव्या दिवशी काकांच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं. काका पलंगावर टेकून बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा.

"आलीस का? बघ, मी आता समुद्री चाचा दिसतो, असं नातवंडं म्हणतात."

मी त्यांच्या हातात कागद दिला आणि बोट धरून कोपऱ्यावर नेलं. त्यांनी अंगठ्याने चाचपलं. पाठ चाचपली. पुन्हा वरून. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"ही खालून पाडलीयेत."

"हो."

"मी असं शिकवलं नाही."

"मी पाडलीच नाहीत, काका."

"टेबलाच्या खाली काय असतं तुझ्या?"

"काही नाही. माझे पाय."

त्यांनी पुन्हा एकदा कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. आत सून कुणाला तरी ओरडत होती, पंखा कुरकुरत होता. मग त्यांनी विचारलं, "ते टोक उरलं होतं, त्याचं काय केलंस?"

"तोंड काढलं."

"दातात अंग दिलंस?"

मी चादरीवरची सुरकुती सरळ करायला लागले.

"कुणासाठी करतेस हे पान?"

"ताईसाठी. ती चाललीये ना."

"निरोप द्यायला करतेस, की बांधून ठेवायला?" त्यांनी हे थट्टेच्या सुरात विचारलं, पण उत्तराची वाट बघत राहिले. मग कागद चाचपतच माझ्या हातात परत ठेवला. "खरवडायला जाऊ नकोस. फाडू नकोस. घरी जा आणि पहिलं ते तोंड भर. त्याचं त्याला दे. बाकी सगळं नंतर."

मी जवळजवळ धावतच घरी आले. टेबलाशी बसले, पाय वर घेऊन. तिसरा कागद पुढे ओढला. तोंड होतं तसंच होतं, उघडं. दोन रेषांचं काम. मानेच्या दोन रेषा दातांपर्यंत आणायच्या, संपलं. दौत उघडली, टाक बुडवला.

ताई भिंतीला धरत बाहेर आली.

"ऐक ना. पाय ठणकतोय आज. मी विचार करतेय, रुजू व्हायची तारीख आठ-पंधरा दिवस पुढे ढकलू का? साहेब तोंड वाकडं करतील, पण देतील."

मी वर पाहिलं नाही. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला होता.

"ढकल की," मी म्हटलं. "एवढी काय घाई आहे?"

"बघते. उद्या सांगते त्यांना."

ती आत गेली. तिची पावलं मी मोजली. एक जोरात, एक हलकं. एक जोरात, एक हलकं. मग मी टाक पुसला आणि दौतीचं झाकण लावलं. डास आहेत, मी म्हटलं. पुरळ आहे. हातकागदात काड्या असतात. एवढं शिकून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा का? ज्या गोष्टींवर मी एरवी एका क्षणात विश्वास ठेवला असता, त्यांच्यावर न ठेवणं मला त्या दिवशी फार सोपं गेलं.

टेबलाखालून आवाज आला. टप. मी दचकले नाही.

५

पण ताई गेलीच. साहेबांनी तारीख पुढे ढकलू दिली नाही.

नवव्या दिवशी मी उठले तेव्हा ती चपला घालून, बॅग खांद्याला लावून दारात उभी होती. घोट्याला तिने क्रेप बँडेज गुंडाळलं होतं.

"पाय?"

"पाय माझ्याबरोबर येतोय. वाटेत बघू." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "भागूबाई, रडायचं नाही. तीन तासांवर तर आहे. भीती वाटली की फोन कर."

"पान व्हायचंय अजून."

"झालं की पाठव. नाहीतर तूच घेऊन ये."

जिन्यावरून ती एक जोरात, एक हलकं अशी उतरत गेली. खालचं फाटक वाजलं. मग घर एवढं शांत झालं की फ्रिजचा आवाजही कुणीतरी घसा खाकरल्यासारखा वाटायला लागला.

साडेनऊला मी टेबलाशी बसले. उन्हाचा चौकोन टेबलावर पडला होता. पहिल्यांदा तिसरा कागद काढला. आता भरणारच होते मी ते तोंड. खरंच भरणार होते, आता उशीर करायचं कारणच उरलं नव्हतं.

तोंड मिटलेलं होतं.

जबड्याच्या रेषा माझ्याच होत्या, मागे वळलेला तो कानही तसाच होता. फक्त मिटलेलं होतं. आणि दातांमध्ये काहीच दिसत नव्हतं. जे होतं ते आत होतं.

मी चिमटा काढला आणि आठवा कागद उचलला. त्यावर अजून मी टाकसुद्धा लावला नव्हता. भोकांची रांग कोपऱ्यातून निघून, वळसा घेत मधोमध आली होती. जिथे अक्षराचा पाय यायचा होता, तिथे तिने वेढा घातला होता. दोन रांगा. कंपास आणायची गरज नव्हती.

मी ताईला फोन लावला. स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. बस घाटात असेल. पर्समध्ये फोन असेल, पर्स वरच्या फळीवर असेल. पुन्हा लावला.

तेव्हा मला ते दिसलं. आठव्या कागदाच्या कोपऱ्यातल्या भोकातून, इथल्या शंभराव्या भोकातून, एक धागा वर आला होता. केसाएवढा, तांबूस, माझ्या ठिपक्यांच्या शाईच्या रंगाचा. नखाएवढाच बाहेर. मी कागद उचलून पाठ पाहिली. पाठ कोरी होती. धागा फक्त वरून होता.

दुसरं टोक, माझ्या मनात आलं. काका म्हणालेच होते, आहेच कुठेतरी.

कागदाचा तंतू असेल, मी म्हटलं. हातकागदात तंतू असतात. बोटांच्या चिमटीत धरून तो उपटून टाकावा म्हणून ओढला. तो तुटला नाही. आला. बोटभर आला, वीतभर आला, सैल, कोमट. फोन वाजत होता. मी रिंगा मोजत होते. सात, आठ. धागा ताणला गेला. आता तो येईना.

आणि मग पलीकडून कुणीतरी ओढलं.

एकदा. हळूच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. आठ दिवसांत पहिल्यांदा वाटत नव्हती. मी आहे, झोप. मी धागा बोटाला गुंडाळला आणि लहानपणी ओढायचे तसा ओढला. पुन्हा ओढला, जोरात, तिला परत यावंच लागेल एवढ्या जोरात.

रिंग थांबली. फोन उचलला होता.

बसचा आवाज येत नव्हता. बस उभी असावी. लांब कुणीतरी म्हणत होतं, "पाणी आणा कुणीतरी, पाणी." मग अगदी जवळ, आई जागी होऊ नये म्हणून ती ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात ताई म्हणाली,

"ओढू नकोस गं."